एम.ए.च्या बाकावरून एफवायच्या फळ्याकडे

नववीच्या वर्गाला शिकवायचे असेल तर दोन वर्षांचे बी.एड. करावे लागते. अकरावी-बारावीलाही बी.एड. लागतेच. तीच मुले बारावी होऊन एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, आली की त्यांच्यासमोर उभे राहायला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट, म्हणजे राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा, एवढे पुरते. राखीव प्रवर्गांना गुणांत ५ टक्क्यांची सवलत असते. नेट-सेटचा पहिला पेपर ५० प्रश्नांचा. त्यातल्या दहा घटकांपैकी अध्यापनावर एकच घटक, म्हणजे साधारण पाच बहुपर्यायी प्रश्न. विषयाचे ज्ञान तपासायलाच हवे, त्याबद्दल तक्रार नाही. पण शंभर मुलांच्या वर्गाला मागणीचा नियम समजावून सांगता येतो का, हे मुलाखतीतल्या डेमोपर्यंत, म्हणजे नमुना तासापर्यंत, कुणीच बघत नाही.

मी पंचवीसएक वर्षे अर्थशास्त्र शिकवते आहे, त्यातली बरीचशी वर्षे एम.ए.च्या मुलांना. दर पावसाळ्यात आमची दोन-चार मुले कुठेतरी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, रुजू होतात आणि पहिल्या पंधरवड्यातच फोन येतो, "मॅडम, उद्याचा तास कसा घेऊ?" आदल्या रात्री फोनवर याचे उत्तर देता येत नाही. ते वर्षभर आधी द्यायला लागते. म्हणून हे सगळे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणे माझ्या विषयातली आहेत. तुम्ही इतिहास, रसायनशास्त्र किंवा मराठी शिकवणार असाल तरी क्रम बदलणार नाही. पदव्युत्तर विभागातल्या सहकाऱ्यांनीही हे वाचावे, कारण पहिल्या दोन पायऱ्या आपल्या हातात आहेत.

पहिली पायरी: मागच्या बाकावर बसा

एम.ए.च्या तिसऱ्या सत्रातच सुरुवात करा. तुमच्या शिक्षकांची परवानगी घेऊन एफवायच्या सहा तासांना जाऊन बसा, अगदी शेवटच्या बाकावर. विषयाच्या नोट्स काढू नका. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: वेळ, सर किंवा मॅडम काय करताहेत, मुले काय करताहेत. दर पाच मिनिटांनी एक ओळ लिहा, बस्स.

दोन-तीन तासांत काही गोष्टी आपोआप दिसायला लागतात. मुलांची पेने कधी खाली जातात आणि कधी वर येतात. प्रश्नाला उत्तर देणारी मुले कोणत्या बाकांवरची असतात. फळ्यावरचा कोणता कोपरा खांबाआड जातो. सहापैकी दोन तास तुम्हाला अजिबात न येणाऱ्या विषयाचे निवडा. तिथे तुम्ही खरोखर विद्यार्थी असता. आपले लक्ष नेमके कोणत्या वाक्याला सुटले हे तिथेच कळते. मुलांनी मला परत येऊन सांगितलेल्या गोष्टींत सगळ्यात उपयोगी या दोन तासांतल्याच असतात.

दुसरी पायरी: दहा मिनिटे, वीस मिनिटे, पूर्ण तास

विभागाने दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षात तीन पाळ्या द्याव्यात. पहिली पाळी दहा मिनिटांची, आपल्याच वर्गमित्रांसमोर, एकच संकल्पना. ऐकणाऱ्यांनी "छान झालं" म्हणायचे नाही. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: मला कुठून कळेनासे झाले, फळ्यावर शेवटी काय उरले होते, आणि मी एफवायला असतो तर कोणता प्रश्न विचारला असता. दुसरी पाळी वीस मिनिटांची, खऱ्या एफवायच्या वर्गात, शिक्षकांच्याच तासाच्या सुरुवातीला. तिसरी पाळी पूर्ण तासाची, शिक्षक मागे बसलेले. त्यानंतरचे बोलणे वर्गासमोर नको, स्टाफरूममध्ये, दोघांतच.

तुमच्या विभागात असे काही होत नसेल तर वाट पाहू नका. चार मित्र जमवा, दुपारी तीननंतर शिपाईमामांकडून एका रिकाम्या वर्गाची किल्ली मागा. मोबाइलवर फक्त आवाज रेकॉर्ड करा आणि घरी ऐकताना एकच गोष्ट मोजा: प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती सेकंद थांबलात? माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांचे उत्तर पहिल्या वेळी दोन सेकंदांच्या आत येते. मूल उत्तराचा विचार सुरू करते तोवर आपणच उत्तर सांगून मोकळे झालेलो असतो. मनात पाच आकडे मोजायची सवय इथेच लावा.

अर्ज, मुलाखत, डेमो

कागदपत्रांबद्दल फार लिहीत नाही. सर्व गुणपत्रके, नेट-सेटचे प्रमाणपत्र, जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता, लागू असेल तिथे नॉन-क्रीमिलेअर, आणि त्यांच्या साक्षांकित प्रतींचे तीन संच एका फाइलमध्ये तयार ठेवा. आपल्याकडची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेते. इतर राज्यांत अर्ज करायचे असतील तर नेट हवी. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची नाही, नेट-सेट ही किमान पात्रता आहे. त्यामुळे "पीएच.डी. झाल्यावर बघू" म्हणून अर्जच न करणे चुकीचे आहे.

डेमोसाठी आपल्या प्रबंधाचा विषय घेऊ नका. समोर इतर विषयांचे प्राचार्य आणि संस्थेचे लोकही बसलेले असतात. एफवायच्या अभ्यासक्रमातला एक छोटा मुद्दा घ्या आणि फळा वापरा. समितीकडे पाठ करून पीपीटी वाचणारा उमेदवार मी कितीदा पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण त्याला विषय येत असतो.

तिसरी पायरी: रुजू होण्याआधीचा आठवडा

नेमणूक झाली की विभागप्रमुखांना भेटा आणि या गोष्टी हातात घ्या: विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा चालू वर्षाचा अभ्यासक्रम (स्टाफरूमच्या कपाटातली प्रत जुनी असू शकते), वेळापत्रक, मागच्या प्रश्नपत्रिका, अंतर्गत गुणांची विभागणी, वर्गाची पटसंख्या आणि प्रत्यक्ष हजेरी. शेवटचे दोन आकडे वेगवेगळे असतात. पटावर १२० आणि वर्गात ४५, हे आधीच माहीत असले की पहिल्या दिवशी मन खचत नाही.

मग वर्ग बघून या. फळा कसा आहे, माइक आहे का, पंख्याच्या आवाजात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाते का. फळ्यावर एक ओळ लिहा, शेवटच्या बाकावर जा आणि मोबाइलवर फोटो काढा. वाचता आली नाही तर अक्षर किती मोठे हवे ते तिथेच ठरवा.

यानंतर सत्राची आखणी. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या पेपरला ३० तास. कागदावर ३० असले तरी मी नव्या मुलांना २४ तासांचीच आखणी करायला सांगते. गणपती, चाचण्या, एनएसएसचे कार्यक्रम, उशिराचे प्रवेश यांत सहा तास सहज जातात. पहिल्या दोन आठवड्यांत प्रवेश चालूच असतात, म्हणून त्या काळात ज्यावर पुढचे सगळे उभे आहे असा घटक शिकवू नका. नाहीतर ऑगस्टमध्ये निम्मा वर्ग पायाशिवाय बसलेला असतो. प्रत्येक घटकापुढे "हे सुटले तर चालेल" आणि "हे सुटता कामा नये" असे लिहून ठेवा. सत्राच्या शेवटी धावपळ झाली की हीच खूण कामी येते.

चौथी पायरी: एका तासाचे टाचण

टाचण म्हणजे नोट्स नव्हेत. नोट्समध्ये विषय असतो, टाचणात मिनिटे असतात. अकरा पानांच्या नोट्स घेऊन वर्गात जाणारी व्यक्ती त्या वाचून दाखवते. एका पानाचे टाचण घेऊन जाणारी वर्गाकडे बघते.

समजा तास ४८ मिनिटांचा आहे आणि विषय मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते. माझे टाचण असे असते. २ मिनिटे हजेरी. ५ मिनिटे मागच्या तासावर एक प्रश्न, दोन-तीन मुलांना नावाने. पुढची ८ मिनिटे कांदा. "तुमच्या घरी महिन्याला कांदा किती लागतो?" मुले आकडे सांगतात, त्यातला एक मी फळ्यावर घेते. समजा ४ किलो, भाव २० रुपये. भाव ४० झाला तर किती घ्याल? कुणी साडेतीन म्हणते, कुणी चारच. साडेतीन धरू. भाव १०० टक्के वाढला, मागणी साडेबारा टक्क्यांनी घटली. घरचा खर्च ८० रुपयांवरून १४० झाला. आता १० मिनिटे व्याख्या आणि सूत्र. ती आता दोन ओळींत बसते, कारण आकडे आधीच फळ्यावर आहेत.

मग १० मिनिटे जोडीने सोडवायचे उदाहरण: कँटीनमधला वडापाव १५ वरून २५ झाला आणि गेटबाहेरची गाडी अजून १५ लाच देते, तर कँटीनच्या वडापावचे काय होईल? पर्यायी वस्तू जवळ असली की मागणी लवचीक होते, हे मी सांगायच्या आधी मुलेच सांगतात. त्यानंतरची ८ मिनिटे मला सगळ्यात प्रिय आहेत. प्रश्न एकच: "कांद्याचे पीक भरघोस आले की शेतकऱ्याच्या हातात जास्त पैसे येतात की कमी?" नाशिक-नगरकडच्या वर्गात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन गेलेल्या बापाची मुलगी बोलायला लागते. भाव पडला तरी लोक दुप्पट कांदा खात नाहीत, म्हणून आवक वाढली की एकूण उत्पन्न घटते. अलवचीक मागणी म्हणजे काय ते तिला सूत्राआधीच ठाऊक असते. उरलेल्या ५ मिनिटांत प्रत्येकाने कागदावर एक ओळ लिहायची: आज काय कळले नाही. ते कागद मी गोळा करते, पुढचा तास तिथून सुरू होतो.

बेरीज ४८ येते. वर्गात ती कधीच तंतोतंत येत नाही. म्हणून टाचणाच्या तळाशी दोन गोष्टी लिहा: वेळ उरला तर काय घ्यायचे, वेळ कमी पडला तर काय गाळायचे. व्याख्या गाळू नका, आणि शेवटचे कागदही नको. गाळायचेच असेल तर दुसरे उदाहरण गाळा.

पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असते. त्यातले चार पेपर पूर्ण नवे असतील तर प्रत्येक तासाला असे टाचण जमणार नाही. पहिल्या वर्षी दर पेपरचे आठवड्यातून एक टाचण असे पूर्ण लिहा, बाकीच्यांना मिनिटांचा आराखडा पुरे. दुसऱ्या वर्षी तुमच्याकडे चांगला साठा तयार असेल.

पाचवी पायरी: पहिला तास

पहिल्या तासाला "ओळख करून घेऊ" म्हणून शंभर मुलांना उभे करून नाव-गाव विचारू नका. पंधराव्या मुलापर्यंत वर्ग सुटतो, आणि गावाकडून आलेली लाजरी मुलगी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर अडखळते. त्याऐवजी चिठ्ठी द्या: नाव, बारावीचे माध्यम, बारावीला हा विषय होता का, कॉलेजला कसे येता, शिकता शिकता काम करता का. त्या चिठ्ठ्या घरी वाचा. सकाळच्या तासाला कोण एसटीने येते, कोण रात्रपाळी करून येते, हे त्यात सापडते.

स्वतःबद्दल तीन वाक्ये पुरेत. गुण कसे मिळणार, चाचणी कधी, तुम्ही स्टाफरूममध्ये कोणत्या वेळी भेटाल, हे फळ्यावर लिहा. मग वेळ न घालवता विषयाला हात घाला. पहिल्याच दिवशी मुलांना काहीतरी कळून घरी जायला हवे.

वयाचा प्रश्न येतो. तेविसाव्या वर्षी टीवायच्या वर्गात गेलात तर मागच्या बाकावरची मुले तुमच्याएवढीच असतात, "मॅडम" म्हणतात आणि हसतात. आवाज चढवू नका आणि मैत्रीही करू नका. तयारी दिसली की चार-पाच तासांत वर्ग जागेवर येतो. मुलांशी व्यक्तिगत व्हॉट्सॲपवर बोलणे टाळा. वर्गाचा एक गट करा, त्यात विभागातल्या ज्येष्ठ शिक्षकांनाही घ्या.

भाषा: इथे जरा थांबायला हवे

माझ्या पहिल्या वर्षी मी व्याख्या इंग्रजीत उतरवून देत असे आणि स्पष्टीकरण मराठीत करत असे. चाचणीत एका मुलीने लवचिकतेची इंग्रजी व्याख्या स्वल्पविरामासह अचूक लिहिली. खालच्या उदाहरणात भाव वाढल्यावर मागणीही वाढलेली दाखवली. तिला बोलावून विचारले तेव्हा कळले की व्याख्येतला एकही शब्द तिला लागत नव्हता; मी दिलेले तिने जसेच्या तसे परत केले होते. चूक माझी होती. तेव्हापासून मी कोणतीही व्याख्या उदाहरणाआधी सांगितलेली नाही.

आता पद्धत अशी: आधी उदाहरण बोलीत, मग संकल्पना मराठीत, मग संज्ञा दोन्ही भाषांत फळ्यावर, शेजारी शेजारी. "मागणीची लवचिकता" आणि "इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड" ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, हे डोळ्यांना दिसले पाहिजे. उत्तर मराठीत लिहिणाऱ्या मुलालाही पुढे स्पर्धा परीक्षेत इंग्रजी संज्ञा भेटणारच आहे.

प्रमाण मराठी सगळ्यांची आहे हेही गृहीत धरू नका. मेळघाटात घरी कोरकू बोलली जाते, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारकडे भिली आणि पावरी, खानदेशात अहिराणी. या मुलांनी पहिल्या महिन्यात उत्तर दिले नाही तर ती मठ्ठ आहेत असा निष्कर्ष काढू नका. लेखी एक ओळ मागा, किंवा आधी शेजारच्याशी बोलू द्या. आणि त्यांच्या उच्चारावर वर्गात कुणी हसले तर त्याच क्षणी थांबवा.

उलट बाजूही आहे. मराठी माध्यमातून शिकलेला नवा शिक्षक इंग्रजी माध्यमाच्या वर्गात जातो तेव्हा छातीत धडधड असते. अशा तासाची सुरुवातीची पाच वाक्ये आणि शेवटची तीन वाक्ये लिहून मोठ्याने सराव करा. मधला भाग फळा आणि उदाहरणे सांभाळतात.

हजेरी आणि पेपर

७५ टक्के हजेरीचा नियम मुलांना सांगा, पण पहिल्या महिन्यात गैरहजर मुलांची यादी काढून कारण विचारा. आमच्याकडे पहिल्या तासाला रोज उशिरा येणाऱ्या सात मुली एकाच एसटीच्या होत्या. पुढे वेळापत्रक करताना तो तास बदलून घेतला, तेवढ्याने प्रश्न मिटला.

पेपर तपासायचा सराव कॅपच्या, म्हणजे विद्यापीठाच्या पेपर तपासणी केंद्राच्या, टेबलावर करू नका. बऱ्याच ठिकाणी एफवायचे पेपर महाविद्यालयातच तपासले जातात, त्यामुळे हे काम पहिल्याच सत्रात अंगावर येते. आधी विभागातून जुन्या चाचणीच्या दहा उत्तरपत्रिका मागून घ्या, नावे झाकून. उत्तरसूची स्वतः लिहा, कोणत्या मुद्द्याला किती गुण ते ठरवा, तपासा, गुण वेगळ्या कागदावर ठेवा. आठवड्याने त्याच पुन्हा तपासा. दोन वेळच्या गुणांत दहापैकी दोनचा फरक आला तर उत्तरसूची सैल आहे. गठ्ठा तपासताना एकेक पेपर पूर्ण न करता आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा असे जा. अक्षर सुंदर म्हणून गुण जास्त पडायचा धोका याने कमी होतो. चाचणीचे पेपर मुलांना परत दाखवाच. चुकीखाली फुली मारण्यापेक्षा दोन शब्द लिहा.

सीएचबीवर असाल तर

तुमच्यातले बहुतेक जण इथूनच सुरुवात करतील, म्हणून स्पष्ट लिहिते. नेमणूकपत्र घेतल्याशिवाय तास सुरू करू नका; त्यावर तारीख, विषय आणि तासांची संख्या हवी. विद्यापीठाची मान्यता आली का ते कार्यालयात विचारत राहा. घेतलेल्या प्रत्येक तासाची नोंद स्वतःच्या डायरीत ठेवा आणि महिनाअखेरीस विभागप्रमुखांची सही घ्या, कारण मानधनाचे बिल याच नोंदीवर निघते. मानधन अनेकदा काही महिने उशिरा येते. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. दर वर्षाच्या शेवटी अनुभव प्रमाणपत्र त्याच वर्षी घ्या, पुढे प्राचार्य बदलतात आणि फायली सापडत नाहीत.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली, स्नेहसंमेलन, प्रवेश समिती अशी कामे नव्या माणसाकडे भराभर येतात. एक कार्यालयीन काम आणि एक मुलांबरोबरचे काम आनंदाने घ्या. तिसरे आले की विभागप्रमुखांना नम्रपणे विचारा, "सर, यातलं आधी कोणतं करू?" टाचणाची वेळ मात्र कुणाला देऊ नका. पूर्णवेळ नेमणूक झाली की मालवीय मिशनच्या प्रशिक्षण केंद्रांत नव्या शिक्षकांसाठी होणाऱ्या प्रशिक्षणाला पहिल्या संधीलाच नाव द्या.

सत्र संपताना

शेवटच्या तासाला मुलांना बिननावाच्या कागदावर दोन प्रश्न द्या: कोणता तास अजून आठवतो, आणि कोणता मुद्दा पुन्हा शिकवायला हवा होता. कागद वाचून झाले की त्या-त्या तासाचे टाचण काढा आणि समासात लाल पेनाने लिहा: काय गाळायचे, कोणते उदाहरण बदलायचे, कुठे मुले अडली. हे निकालाची वाट न पाहता त्याच आठवड्यात करा, दिवाळीनंतर काही आठवत नाही. मग टाचणांची एक झेरॉक्स काढून आपल्या जुन्या विभागात, आत्ता एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांकडे पोहोचवा. डिसेंबरात त्यांची वीस मिनिटांची पाळी असते.